हक्कसोड आपल्याच हिश्श्याची

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी बांध कोरण्यावरून झालेल्या भांडणात माझ्या चुलतभावाने माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. दवाखान्यात नेईपर्यंत भाऊ गेला. चुलतभावाला जन्मठेप झाली आणि माझी वहिनी दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेली, ती पुन्हा आली नाही. चुलतभाऊ अधूनमधून संचित रजेवर गावी येऊन जातो. येत्या वैशाखात त्याच्या मुलीचे लग्न आहे. गेल्या महिन्यात चुलते पत्रिका घेऊन आले आणि जाताना टाईप केलेला एक कागद ठेवून गेले. ‘आम्ही त्यास माफ केले असून त्याच्या मुदतपूर्व सुटकेस आमची हरकत नाही’ असे त्यावर लिहिलेले आहे आणि खाली आईच्या अंगठ्यासाठी व माझ्या सहीसाठी जागा सोडलेली आहे. भावकी म्हणते, झाले गेले गंगेला मिळाले, आता किती दिवस वैर धरायचे? आई काहीच बोलत नाही. पत्रिका तिने देवापुढे ठेवली नाही आणि चुलीतही घातली नाही. धान्याच्या कोठीवर पालथी घालून ठेवली आहे. क्षमा करणारा मोठा, हे मी कीर्तनात ऐकत आले आहे. पण चुलतभावाचे नाव निघाले तरी माझे हात गार पडतात. खून करणाऱ्याला क्षमा करणे खरोखर शक्य असते का? की मीच कोत्या मनाची आहे?
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. खून करणाऱ्याला क्षमा करणे शक्य आहे. हाडामांसाच्या माणसांनी ती आपल्याच देशात, आपल्याच हयातीत केलेली आहे. मात्र तुमच्या घरी जो कागद ठेवून गेले आहेत, त्याचा क्षमेशी फारसा संबंध नाही आणि त्यावर सही न करणारी बाई कोत्या मनाची ठरत नाही. हे दोन वेगळे विषय भावकीने एकाच कागदावर टाईप करून आणले, म्हणून तुमचा गोंधळ झाला आहे.

हक्कसोडपत्र म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बहिणींना समजावून सांगावे लागत नाही. बहीण आपल्या हिश्श्याचा हक्क सोडू शकते. आईच्या किंवा दुसऱ्या बहिणीच्या हिश्श्यावर तिला सही करता येत नाही. क्षमेचेही मला तसेच दिसते. तुमच्या भावाचा जीव गेला, त्याची जी वर्षे गेली, त्याची मुले त्याच्या डोळ्यांदेखत मोठी झाली नाहीत, हा त्याचा हिस्सा आहे, आणि तो सोडण्याचा अधिकार ज्याला होता तो आता नाही. चोरी, मारहाण किंवा फसवणूक यांत ज्याचे नुकसान झाले तो माणूस निदान समोर असतो. खुनात नेमका तोच नसतो, म्हणून खुनाची पूर्ण क्षमा कोणीच करू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या हाती आहे तो तुमचा वाटा: भाऊबीजेला रिकामा राहिलेला पाट, आईचे म्हातारपण, तुटलेले माहेर. एवढ्याची क्षमा करता येते, आणि ती लहान गोष्ट नाही.

तुमच्यासारख्याच एका बहिणीची हकिकत सांगतो. केरळातून आलेल्या राणी मारिया नावाच्या ख्रिस्ती जोगिणी मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर येथे आदिवासी आणि शेतमजुरांमध्ये काम करीत होत्या. ही माणसे सावकारांच्या पाशातून सुटू लागल्यामुळे गावातील काही बड्या मंडळींना त्या खुपत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरला निघाल्या असताना समुंदर सिंग या तरुणाने वाटेत, प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, याही जोगीणच, २००२ साली राखी घेऊन तुरुंगात गेल्या आणि बहिणीला मारणाऱ्या हातावर त्यांनी ती बांधली. पुढे या कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी स्वतः अर्ज केला आणि २००६ साली तो सुटला. त्यानंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. माझ्या मुलीचे रक्त या हातांना लागलेले आहे, असा तिचा भाव होता.

ही गोष्ट व्यासपीठावरून अनेकदा सांगितली जाते आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते. सांगणारे एक तपशील मात्र भरभर उरकतात: खून १९९५ चा आहे आणि राखी २००२ ची. मधल्या सात वर्षांत सेल्मी पॉल यांच्या दारात कोणी टाईप केलेला कागद घेऊन उभे नव्हते, कोणाच्या लग्नाचा मुहूर्त गाठायचा नव्हता. जन्मभर क्षमेचे व्रत घेतलेल्या बाईलाही एवढा वेळ लागला. तुमचे हात गार पडतात, यात नवल ते काय?

हिश्श्याची गोष्ट आणखी एका प्रकरणात दिसते, आणि ते सर्वांना ठाऊक आहे. राजीव गांधी यांच्या हत्येत फाशीची शिक्षा झालेल्या नलिनी यांच्याबाबत सोनिया गांधी यांनी दया दाखवावी असे सांगितले, कारण नलिनी यांना लहान मुलगी होती. २००० साली ती फाशी जन्मठेपेत बदलली. २००८ साली प्रियांका गांधी वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन नलिनी यांना भेटल्या. परंतु २१ मे १९९१ च्या त्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींबरोबर आणखी डझनभराहून अधिक माणसे मेली होती, त्यांत बंदोबस्तावरचे पोलीसही होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२२ साली उरलेले सगळे दोषी सुटले, तेव्हा त्या स्फोटात पोळलेल्या काहींनी उघड नाराजी व्यक्त केली. गांधी कुटुंबाने आपला वाटा सोडला तो मोठ्या मनाने, पण त्या पोलिसांच्या बायकामुलांचा वाटा त्यांच्याकडे नव्हताच.

आता कागदाविषयी. मी काही वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली केली आहे, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो. खुनाचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचे कलम ३०२ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतील कलम १०३, हा आपल्या कायद्यात तडजोडीचा गुन्हा नाही. खटला सरकार चालवते, मयताचे घरचे नाहीत. काही आखाती देशांत आणि इराणमध्ये मयताचे वारस रक्तमोल घेऊन किंवा न घेता मारेकऱ्याला जीवदान देऊ शकतात. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि ती नसण्याचे मला बरे वाटते. ती असती तर बांधावरच्या प्रत्येक खुनानंतर मयताच्या विधवेच्या दारात पंच मंडळी सतरंजी अंथरून बसली असती.

शिवाय ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही. राष्ट्रपतींचा आणि राज्यपालांचा दयेचा अधिकार तेवढा वेगळा. तुमच्याकडे घटनेलाच बारा वर्षे झाली आहेत. तेव्हा वैशाखापूर्वी सही झालीच पाहिजे अशी कायद्याची कोणतीही निकड नाही. लग्नाच्या मांडवात ‘दोन्ही घरे एक झाली’ असे म्हणता यावे, एवढीच ती निकड दिसते. पुढे सुटकेचा प्रस्ताव खरोखर निघाला, तर हरकत असो वा नसो, तुमचे म्हणणे तुमच्या शब्दांत लिहून कारागृह अधीक्षकांकडे पाठवा. दुसऱ्याने टाईप करून आणलेल्या वाक्याखाली आईचा अंगठा नको.

ओडिशातील ग्लॅडिस स्टेन्स यांनी हा भेद फार नेमका पाळला होता. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर गावी त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमोथी ही दोन मुले मोटारीत झोपली असताना जमावाने ती मोटार पेटवून दिली. आपल्या मनात मारेकऱ्यांविषयी द्वेष नाही, आपण त्यांना क्षमा केली आहे, असे ग्लॅडिस यांनी सांगितले आणि बारीपदा येथील कुष्ठरुग्णांचे काम पुढे काही वर्षे चालू ठेवले. पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, कायद्याचे काम कायदा करील, असेही त्यांचे म्हणणे होते. मुख्य आरोपीची फाशी उच्च न्यायालयाने २००५ साली जन्मठेपेत बदलली आणि ती २०११ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. न्यायालयाने आपले काम केले आणि त्या बाईंनी आपले. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातला नाही.

कीर्तनात तुम्ही वाल्याची गोष्ट ऐकली असेल. प्रत्येक खुनाला एक खडा, असे सात रांजण भरले, आणि मग त्याचा वाल्मीकी झाला. लहानपणापासून मला त्यात एक गोष्ट खटकत आली आहे. तुझ्या पापात वाटेकरी व्हाल का, असे वाल्याच्या बायकामुलांना विचारले जाते. रांजणातल्या खड्यांच्या बायकामुलांना मात्र कोणी काही विचारत नाही. बौद्ध परंपरेतील अंगुलिमाल या खुनी दरोडेखोराची कथा त्या मानाने प्रामाणिक आहे. तो भिक्षू झाला, राजानेही त्याला अभय दिले, तरी भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारीत आणि तो रक्तबंबाळ होऊन परत येई. बुद्धांनी लोकांना दोष दिला नाही. सहन कर, असे त्यालाच सांगितले.

राहता राहिले लग्न. याचा निर्णय क्षमेपासून वेगळा करा, म्हणजे पुष्कळ हलके वाटेल. आपली पाचही मुले झोपेत कापणाऱ्या अश्वत्थाम्याला बांधून समोर आणले, तेव्हा भागवतातल्या कथेत द्रौपदीच म्हणते की याला सोडा. मी रडते आहे तशी याची आई रडू नये. त्याने काही चांगले केले म्हणून नाही, तो बदलला म्हणूनही नाही, तर केवळ त्याच्या आईकडे पाहून. कपाळीचा मणी मात्र काढून घेतला जातो आणि आपल्याकडच्या आज्या सांगत तसा तो अजून जखमेला तेल मागत हिंडतो. तुमचा भाऊ गेला त्या वेळी नवरी मुलगी किती वर्षांची असेल? तुमची ती भाची आहे. तिच्याकडे पाहून अक्षता टाकायला जावेसे वाटले तर अवश्य जा. आत्या लग्नाला आली, याचा अर्थ बापाला माफी मिळाली असा कोणी काढला तर तो त्याचा दोष. आणि पाऊल उचललेच नाही, तर आहेर पाठवून घरी राहा, किंवा तोही पाठवू नका.

आपण माफ केले नाही तर तो माणूस तुरुंगात कुजेल, ही टोचणी तुम्हाला लागली असेल, तर तीही काढून टाका. त्याला सुधारण्याचे काम तुमच्यावर सोपवलेले नाही. तुमच्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू केली. खुनाच्या गुन्ह्यातील कैद्यांना तेथे भिंतीशिवाय ठेवले, शेती करायला लावली, बायकामुलांसह राहू दिले. त्याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. त्या कैद्यांनी जमीन नांगरून नवे आयुष्य सुरू केले, ते मयताच्या बहिणीची सही मिळाल्यावर नव्हे.

तुमचे पत्र पुन्हा वाचताना दोन गोष्टी दिसल्या. चुलतभाऊ रजेवर येऊन जातो, असे तुम्ही लिहिता. तो एकदा तरी तुमच्या आईच्या दारात आला, असे कोठे नाही. कागद चुलत्यांनी आणला, आग्रह भावकीचा आहे, आणि ज्याने माफी मागायची त्याचा स्वतःचा एक शब्दही या सगळ्यात नाही. समुंदर सिंगला राखी बांधली गेली तेव्हा तो समोर होता.

आणि कागदावर अंगठ्याची जागा आईची, सहीची जागा तुमची. तुमच्या वहिनींचे नाव त्यावर नाही, मुलांचेही नाही. बांधाचा वाद ज्या जमिनीचा होता, तिच्या सातबाऱ्यावर ती नावे लागली आहेत की नाहीत, हेही या निमित्ताने तलाठ्याकडे जाऊन पाहा. भावकीला उत्तर देण्याआधी एखाद्या रविवारी आईला घेऊन वहिनींच्या गावी जा आणि तो कागद त्यांना वाचून दाखवा. थोरला मुलगा आता कळत्या वयाचा झाला असेल. त्यालाही जवळ बसवा.