झाडांचे सहा लाख आणि तळमजल्यावरचं पाणी

प्रश्न : वय ५१. कुर्ल्यात मिठी नदीजवळ तळमजल्यावर ४५० चौरस फुटांचं घर आहे. वरच्या मजल्यापेक्षा ५ लाखांनी स्वस्त मिळालं. ओळखीचा एजंट कार्बन क्रेडिटच्या वृक्षलागवड योजनेत ६ लाख टाका म्हणतो. माझ्या नावावर ४०० झाडं, वर्षाला १८ टक्के हमखास. एफडी मोडू का? गेल्या पावसाळ्यात घरात पाणी शिरून सव्वा लाख गेले, आता फ्रिज विटांवर ठेवलाय. विमा आहे, गृहकर्जाबरोबर बँकेनेच काढून दिला. पॉलिसीची प्रत जोडली आहे.

उत्तर : एफडी मोडू नका. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी केल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र. वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो शोषतं, रोप त्याहून बरंच कमी. सगळी ४०० जगली तरी ८ टन. टनाला हजार रुपये धरले तरी वर्षाला ८ हजार. एजंट कबूल करतोय १ लाख ८ हजार. वरचे लाख कुठून आणणार, हे त्याला विचारा. क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान कराराखालच्या क्रेडिटचा भाव २००८ मध्ये २० युरोंच्या घरात होता, २०१२ संपताना एका युरोच्याही खाली. अशा मालावर हमी देणाऱ्याला दारात उभं करू नये. नव्वदच्या दशकात सागवानाच्या नावाने लोक असेच बुडाले. १९९९ मध्ये सेबीने अशा, लोकांचे पैसे एकत्र करून चालवल्या जाणाऱ्या सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. या योजनेची सेबीकडे नोंदणी आहे का, तेही विचारा.

पण मला घोर लागलाय तो तुमच्या विम्याचा. पॉलिसी वाचली. विमा तुमच्या जिवाचा आहे, घराचा नाही. तुमचं काही झालं तर कर्ज फिटेल. पाणी शिरलं तर एक रुपया मिळणार नाही. १ लाख ४० हजारांचा हप्ता कर्जातच मिळवलाय. ९ टक्क्यांनी वर्षाला साडेबारा हजार नुसतं व्याज. घरात पाणी येतं हे ठाऊक असून गिऱ्हाइकाला एवढंच विकणं मला संतापजनक वाटतं.

नदीकाठी भराव टाकणाऱ्याला जागा मिळते, पाणी तुमच्या स्वयंपाकघरात येतं. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. नुकसान करणाऱ्यावर तेवढा कर लावा, असं ब्रिटिश अर्थतज्ज्ञ पिगू १९२० मध्येच सांगून गेला. मिठीकाठी तो खर्च आजही तळमजलाच भरतो. तुमचे वाचलेले ५ लाख म्हणजे त्याच पाण्याची आगाऊ भरपाई. पुराचं नुकसान मोजताना अर्थतज्ज्ञ घरांच्या भावातला असाच फरक धरतात. दर वेळी सव्वा लाख गेले तर चार पावसाळ्यांत ते संपले. २६ जुलै २००५ सारखा दिवस, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, पुन्हा आला तर एकाच रात्रीत.

'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. त्यात पूर येतो. रक्कम बाजारभावावर नाही, बांधकामखर्चावर ठरते : ४५० चौरस फूट गुणिले फुटाला ३ हजार धरले तर साडेतेरा लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ७० हजारांचं सामान आपोआप धरलं जातं. हप्ता त्या साडेबारा हजारांच्या कितीतरी आत बसेल. जिवाचा साधा टर्म विमा नसेल तर तो आधी घ्या. मगच जुनी पॉलिसी बंद केल्यास किती परत मिळेल, हे बँकेला लेखी विचारा.

फ्रिज विटांवरच राहू द्या. त्याचं नि वॉशिंग मशीनचं बिल शोधून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पॉलिसी मे संपायच्या आत हातात हवी. अर्जात गेल्या वर्षीच्या पाण्याबद्दल विचारलं तर खरं तेच लिहा. लपवलंत तर नेमका दाव्याच्या वेळी त्यावरच नकार येईल.