ऑरेंज अलर्ट होता, मग आमच्या वावरात थेंब का नाही?

प्रश्न : टीव्हीवर जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट सांगितला म्हणून सोयाबीनची फवारणी थांबवली. दिवसभर ऊन होतं. आता गावात इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. चूक कोणाची? (शेतकरी, दारव्हा तालुका)

उत्तर : अशा वेळी अंदाज खोटा असतोच असं नाही. बरेचदा वाटेत त्यातला एक शब्द गळतो. हवामान खात्याच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असं असतं. तुरळक म्हणजे फार तर 25 टक्के पर्जन्यमापक केंद्रांवर, आणि मुसळधार म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर. चारपैकी तीन ठिकाणी असा पाऊस झाला नाही तरी अंदाज बरोबरच ठरतो. बातमीच्या मथळ्यात मात्र ‘तुरळक’ जातो आणि ‘जिल्ह्याला झोडपणार’ तेवढं उरतं. वार्ताहर मंडळींनी हा एक शब्द राखला तरी मोठं काम होईल.

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. फवारणीसाठी रंग पाहू नका. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला पाहा.

प्रश्न : आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या खाली, वैनगंगेकाठी आहे. ग्रुपवर विसर्गाचे आकडे येतात, पण पाणी गावात शिरेल का ते कळत नाही. (ग्रामपंचायत सदस्य, ब्रह्मपुरी तालुका)

उत्तर : आधी एकक पाहा. 1 क्युमेक म्हणजे सेकंदाला 1000 लिटर, म्हणजे साधारण 35 क्युसेक (सेकंदाला 35 घनफूट). 5000 क्युमेकचं कोणी 5000 क्युसेक लिहिलं, तर पूर 35 पट लहान दिसतो. शंका आली तर पुढे पाठवण्याआधी तहसील कार्यालयाला विचारा.

मग तो आकडा गावाच्या मापात आणा. नाल्यावरच्या पुलाच्या खांबाला तेलरंगानं फुटाफुटावर खुणा करा. विसर्ग किती, दारं कधी उघडली, कोणत्या खुणेला पाणी किती वाजता लागलं, हे दर वेळी वहीत लिहा. दोन-तीन पावसाळ्यांत गावाचा स्वतःचा तक्ता होतो. नाला मुद्दाम म्हटलं, कारण नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात जात नाही, उलटं दाबतं, आणि वेढा मागून पडतो. वर नाल्याच्या शिवारातही पाऊस असेल तर पाणी तक्त्यापेक्षा चढेल, हे धरून चाला. इथलं आभाळ पाहून तर ठरवूच नका. 2020 च्या ऑगस्टअखेरच्या पुरात पाणी आलं ते मध्य प्रदेशातल्या पावसाचं आणि तिथल्या धरणांतलं.

मेसेज असा लिहा : ‘18 ऑगस्ट, दुपारी 4. गोसीखुर्दचा विसर्ग वाढला. रात्री 10 च्या सुमारास पाणी तिसऱ्या खुणेला लागेल असा अंदाज. खालच्या मोहल्ल्यातली ढोरं शाळेच्या पटांगणात न्या. मोटारपंप काढा. पूल ओलांडू नका. पुढची सूचना 7 वाजता.’

तारीख पहिल्याच शब्दात हवी, नाहीतर हाच मेसेज पुढच्या वर्षी पुन्हा फिरतो. आणि 7 वाजता नवं काही नसलं तरी ‘बदल नाही’ एवढं कळवाच; काही आलं नाही की लोक पाणी ओसरलं समजून घरी परततात. लाइट जाणारच, म्हणून ग्रामपंचायतीच्या भोंग्याला बॅटरी जोडून ठेवा आणि खालच्या मोहल्ल्यात कोतवालाची दवंडी द्या.