स्नायूंच्या दाहात सीपीके नॉर्मल असताना मांडीचा एमआरआय खरंच लागतो का?

लागतो. सीपीके, म्हणजे स्नायू दुखावला की रक्तात वाढणारा घटक, नॉर्मल आहे म्हणून तर जास्तच लागतो; अशक्तपणा आजाराचा की स्टेरॉइडचा, हे नुसत्या रक्तावरून कळत नाही. तुम्ही लिहिलंय, वडिलांना स्टेरॉइड चालू असूनही खुर्चीतून उठवत नाही आणि घरचे म्हणतात एमआरआयचा खर्च कशाला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरात हेच ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आईला डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे कातडी आणि स्नायूंचा दाह. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सुधारली होती, मग पुन्हा जिना चढवेना, वेणी घालायला हात वर जाईना. सीपीके नॉर्मल. थोरले मामा तालमीतले. त्यांचं एकच, "गोळ्यांनी अंग पोकळ केलंय. बंद करा, दूध-तूप द्या, बैठका मारू देत." मामांच्या पुढं आमच्यात कोण बोलत नाही. त्यात आधी एका दवाखान्यात कमरेचा एमआरआय होऊन मणक्याच्या झिजेपलीकडं काही निघालं नव्हतं, त्यामुळं परत एमआरआय म्हटल्यावर सगळे भडकले.

संधिवाताच्या डॉक्टरांनी दोन्ही मांड्यांचा सांगितला. त्यात दोन तऱ्हेची चित्रं काढतात. टी१ चित्रात चरबी पांढरी दिसते; स्नायू जाऊन तिथं चरबी भरली असेल तर कळतं, आणि तेवढा स्नायू सहसा परत येत नाही. स्टिर चित्रात चरबी दाबतात, पांढरं उरतं ते पाणी, म्हणजे सूज. आईच्या मांडीचा पुढचा भाग स्टिरमध्ये पांढराफेक, टी१ जवळपास स्वच्छ. स्टेरॉइडनंही स्नायू अशक्त होतात, पण नुसत्या त्या अशक्तपणात अशी सूज दिसत नाही. आजारच पुन्हा उसळला होता आणि मामा गोळ्या बंद करायला सांगत होते! डॉक्टरांनी औषध वाढवलं, आई हळूहळू जिना चढायला लागली. मामा अजून म्हणतात दुधानं गुण आला. रिपोर्ट पुढं ठेवला, हातात घेतला नाही. ज्याला रिपोर्ट बघायचा नाही त्यानं औषधावर बोलू नये, मग तो कितीही थोरला असो.

३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनसाठी पुण्याला जाऊ का, असं विचारलंय. १.५ चं मशीन पुरतं. चिठ्ठीवर दोन्ही मांड्या, टी१ आणि स्टिर हे लिहून घ्या. चरबी टक्क्यांत मोजणारं डिक्सन तंत्र पुढं तुलना करायला चांगलं, आत्ता त्याच्यावाचून अडत नाही. बायोप्सी, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासणी, करायची ठरली तर सुजलेली जागाही यावरूनच नेमकी धरता येते.

हां, सूज दिसली म्हणजे दाहच, असं नाही. जोराच्या व्यायामानं, दुखापतीनं, नसेच्या आजारानंही दिसते, म्हणून आधी काही दिवस दमछाक करणारा व्यायाम नको. वडिलांना पेसमेकर असेल तर सेंटरवर आधीच सांगा. आणि तोवर स्टेरॉइड आपल्या मनानं बंद करू नका.