रोजचा सराव आणि रोजची परीक्षा

‘मुलगी जीव तोडून मेहनत करते, तरी तिची वेळ सुधारत नाही, मग कॉलेजच्या संघाची आशा धरावी की नाही?’ असा प्रश्न खेळाडू मुलांचे पालक मला नेहमी विचारतात. पुण्यात रोइंग (वल्ह्यांनी बोट चालवण्याचा शर्यतीचा खेळ) करणाऱ्या, अकरावीतल्या एका मुलीच्या अनुभवातून त्याचे उत्तर देते. नाव बदलून तिला ईशा म्हणू.

रोइंग मशीनवर (वल्हवण्याच्या व्यायामयंत्रावर) 2000 मीटरला तिला 8 मिनिटे 20 सेकंद लागत होते आणि कित्येक महिने त्यात फरक पडला नव्हता. तिने सरावाची वही माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक तारखेसमोर वेळ लिहिलेली होती आणि आदल्या दिवसापेक्षा एक सेकंद जरी वाढला असेल, तरी त्याखाली लाल शाईची रेघ होती. झोप, जेवण किंवा बोटीतला सराव यांची नोंद मात्र कुठेच नव्हती. आई म्हणाली, “मॅडम, सकाळी वेळ बिघडली की ही दिवसभर कोणाशी बोलत नाही. बारावी तोंडावर आली आहे. मार्कही जातील आणि खेळही, अशी धास्ती वाटते.”

ईशाची समजूत अशी होती, की वेळ थांबली म्हणजे आपली जिद्दच कमी पडते आहे. ती विज्ञानाची विद्यार्थिनी असल्यामुळे मी तिला हिशोबच करायला लावला. वेग वाढवायला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 500 मीटरला 2 मिनिटे 5 सेकंद (2:05) या तिच्या तेव्हाच्या गतीसाठी सुमारे 179 वॅट लागतात, तर 2:00 साठी सुमारे 203. म्हणजे अवघ्या 5 सेकंदांसाठी 13 टक्के जास्त शक्ती हवी. सुरुवातीला तंत्र जमू लागले की वेळ भराभर उतरते, पण त्यापुढची शक्ती शरीरात महिनोन्‌महिने हळूहळू साठते आणि रोज पूर्ण जोर लावणाऱ्या शरीराला ती साठवायला सवडच मिळत नाही.

तिच्या प्रशिक्षकांशी बोलून आम्ही सरावाची मांडणी बदलली. बहुतेक दिवस मिनिटाला 18 ते 20 स्ट्रोकच्या (वल्ह्याच्या ओढींच्या) संथ लयीत, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच दमाने वल्हवायचे, तेही स्क्रीनवरच्या वेळेच्या आकड्यावर चिकटपट्टी लावून. जोराचा सराव आठवड्यातून दोनदाच, आणि 2000 मीटरची चाचणी फक्त प्रशिक्षक ठरवतील त्या दिवशी. वहीत आता झोपेचे तास, सकाळची न्याहारी आणि तंत्राची एक गोष्ट लिहायची होती. दमल्यावर ती पायांचा जोर संपण्याआधीच हातांनी ओढू लागते, हे त्या नोंदींमुळेच लक्षात आले.

त्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट उघड झाली. हलके राहावे म्हणून ती रात्रीची भाकरी सोडत होती आणि तिची पाळी काही महिने आली नव्हती. मी तिला त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबणे हे ‘सरावाने होतेच’ म्हणून सोडून देऊ नये, असे मी प्रत्येक आईला कळकळीने सांगते.

कॉलेजच्या स्वप्नाबद्दलही स्पष्ट बोलावे लागले. सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रेगाटाला (नौकानयन महोत्सवाला) 1928 पासूनची परंपरा आहे, पण तिथे अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीतून होतो. अमेरिकेतल्या कॉलेजांचे प्रशिक्षक मशीनवरची वेळ बघतात तसेच शाळेतले गुणही बघतात, आणि तिथले अनेक महिला संघ पूर्वी कधीही वल्हे न धरलेल्या मुलींनाही संधी देतात. भारताचे रोइंगपटू दत्तू भोकनळ यांनी सैन्यात गेल्यावर रोइंग सुरू केले, पुण्यात सीएमई या लष्करी अभियांत्रिकी संस्थेत सराव केला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 13 वा क्रमांक मिळवला. सोळाव्या वर्षी वेळ अडली म्हणून दार बंद झाले, असे समजण्याचे कारणच नाही.

पुढच्या चाचणीत ईशाने 8:11 ची वेळ दिली. बारावीच्या परीक्षेआधीचे दोन महिने आठवड्यातून तीनच दिवस संथ सराव करायचा आणि चाचणी अजिबात द्यायची नाही, हे तिने स्वतःच सुचवले. प्रशिक्षकांनी आणि आईवडिलांनी ते मान्य केले आहे.