दिल्लीच्या आधी झोन ऑफिस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. पंचविसाव्या वर्षी लोकसभा लढवता येते, म्हणून तू दिवस मोजते आहेस. निगमची, म्हणजे महानगरपालिकेची, निवडणूक एकविसाव्या वर्षीच लढता येते, त्याचा मात्र तुझ्या पत्रात उल्लेखही नाही. तिथूनच सुरुवात कर, असा माझा आग्रह आहे.

सुमित्राताई महाजनांचं नाव निघालं की लोकांना 2014 मधलं लोकसभेचं अध्यक्षपद आठवतं. पण त्या 1982 मध्ये इंदूर निगमच्या नगरसेविका झाल्या, पुढे उपमहापौर झाल्या. 1985 ला विधानसभा हरल्या. 1989 ला समोर प्रकाशचंद्र सेठी होते, मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री आणि देशाचे माजी गृहमंत्री. त्यांना हरवून त्या दिल्लीला गेल्या, आणि ती निवडणूक धरून सलग आठ वेळा इंदूरनं त्यांनाच पाठवलं. मधल्या त्या पराभवाकडे नीट बघ. हरल्यावर जो वॉर्डात दिसत नाही, त्याला पुढचं तिकीट मागायला तोंड राहत नाही.

नगरसेवकाचं काम तुला किरकोळ वाटतं. एखाद्या गल्लीत नर्मदेचं पाणी का चढत नाही, एवढंच शोधून काढ. टाकी, व्हॉल्व, झोनचा (निगमच्या विभागीय कार्यालयाचा) इंजिनिअर, ठेकेदार असं करत करत तू बजटमधल्या तरतुदीपर्यंत पोचशील. पैसा मंजूर झाला होता का, झाला असेल तर कुठे अडला? संसदेतही मंत्र्याला हेच विचारावं लागतं, फक्त आकड्यांवर शून्यं जास्त असतात. ज्याला निगमचं बजट वाचता येत नाही, तो तिथे पाच वर्षं बाकं वाजवतो. मला त्याचा फार राग येतो.

आणखी एक. रामबागेतल्या, आपल्या मराठी वस्तीतल्या, टाळ्यांवर विसंबू नकोस. आपल्या मराठी मतांवर इंदूरची लोकसभा निघत नाही. ताई चिपळूणच्या, लग्न होऊन इथं आल्या, पण त्यांना साऱ्या शहरानं आपलं म्हटलं. तू मालवी, इथली बोली, ऐकायला आणि बोलायला शीक.

इंदूरची हुकूमचंद मिल, कापडगिरणी, 1991 मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा मार्ग मोकळा व्हायला 2023 चा डिसेंबर उजाडला. तोवर कित्येक जण वारले होते. त्यांच्या घरी जा. भाषण करू नकोस, वही काढ. इतक्या वर्षांत कोणकोण येऊन काय सांगून गेलं, ते विचार आणि सगळं लिहून घे. ती वही घेऊन ये, मग तिकिटाचं बोलू.

तुझा,
काका