सलग दहा वर्षं युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या फायनलला गेलेला इटालियन बास्केटबॉल क्लब कोणता?

वारेसे. पूर्ण नाव पालाकानेस्ट्रो वारेसे. मिलानच्या उत्तरेला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या एका लहानशा शहराचा हा क्लब १९४५ साली सुरू झाला. १९७० ते १९७९ दरम्यान एकही फायनल त्यांनी चुकवली नाही आणि त्यातल्या पाच जिंकल्या: १९७०, ७२, ७३, ७५ आणि ७६. क्लब बास्केटबॉलमध्ये याहून थोर कामगिरी मला तरी माहीत नाही.

यामागे पैसा होता जोव्हान्नी बोर्गी यांचा. त्यांचा 'इग्निस' हा फ्रिज बनवणारा कारखाना त्याच भागातला, आणि संघही बरीच वर्षं इग्निस याच नावाने खेळला. पण नुसत्या पैशाने काय होतं? युगोस्लाव्ह प्रशिक्षक अलेक्झांडर निकोलिच यांनी संघाला शिस्त लावली. सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या जागी, दिनो मेनेगीन, आणि जोडीला मेक्सिकोचा मानुएल रागा. बास्केटबॉलच्या मानाने रागाची उंची बेताची, पण उडी अशी की त्याला 'उडता मेक्सिकन' म्हणत. १९७० च्या फायनलमध्ये सारायेव्होत वारेसेने बलाढ्य सोव्हिएत संघ सीएसकेए मॉस्कोला ७९-७४ असं हरवलं. पुढे अमेरिकन बॉब मोर्स आला, तो तर बास्केटवर अचूक नेम धरणारा नेमबाजच. १९७७ ची फायनल मात्र इस्रायलच्या मक्काबी तेल अवीवविरुद्ध ७७-७८ अशी एका गुणाने गेली. ती हार आजही चुटपुट लावते.

नंतर उतरती कळा लागली, १९९२ ला खालच्या श्रेणीतही जावं लागलं. १९९९ ला दहावं इटालियन विजेतेपद मिळालं, तेव्हा संघात दिनोचा मुलगा आंद्रेआ होता.