हे वाक्य ऐकून समोरचा काय करणार?

प्रिय मित्रा,

वर्गात शिकवणं जमतं, परिषदेत बोलणं जमतं, पण वार्ताहराचा फोन आला की जीभ अडखळते, असं तू लिहिलं आहेस. शास्त्र सोपं करून सांगण्याची काही युक्ती असेल तर कळवा, असंही म्हटलं आहेस. सोपं करणं त्या मानाने सोपं. तोंड उघडण्याआधी मी वेगळंच बघतो: हे ऐकून समोरचा माणूस नेमकं काय करणार आहे?

1995 च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. वाक्य खोटं नव्हतं. पण दुप्पट म्हणजे किती? दर 7,000 स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना. हा हिशेब मागे राहिला आणि ‘दुप्पट’ तेवढं घरोघरी पोचलं. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. त्यात, गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा गरोदरपणात जास्त! तेव्हा टक्केवारी सांगायचीच असेल तर आधी ‘इतक्या जणांमागे पूर्वी इतके, आता इतके’ हे सांग. वेळ एकाच वाक्याचा असेल, तर टक्केवारी सोडून दे.

उलट्या बाजूची चूकही तितकीच महाग पडते. इटलीतल्या लाक्विला शहरात 2009 मध्ये काही महिने लहान-लहान धक्के बसत होते. 31 मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. मोठा भूकंप होणारच नाही, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. पण एका सरकारी अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर सांगून टाकलं, की ऊर्जा बाहेर पडतेय, म्हणजे परिस्थिती अनुकूलच आहे. शास्त्र म्हणून हे चुकीचं होतं. धक्का बसला की घराबाहेर जाऊन झोपायचं, ही तिथली जुनी रीत. धीर मिळाल्यामुळे काही कुटुंबं मोठ्या भूकंपाच्या रात्री घरातच राहिली, असं नातेवाइकांनी पुढे न्यायालयात सांगितलं. 6 एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला आणि 309 माणसं गेली. 2012 मध्ये शास्त्रज्ञांना शिक्षा झाली, 2014 मध्ये अपिलात ते सुटले. न्यायालयाचं सोड, मला त्यातलं वेगळंच खटकतं. अनिश्चितता बैठकीच्या खोलीत राहिली आणि बाहेर फक्त दिलासा गेला. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर द्यायला लाजू नकोस, पण तिथे थांबूही नकोस. ‘सांगता येत नाही, म्हणून तोवर एवढं करा’ असं म्हण.

वार्ताहर तिखटमीठ लावतात, अशी तक्रार आपल्यात फार. 2014 मध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांची आरोग्यविषयक प्रसिद्धीपत्रकं तपासली गेली, तेव्हा 40 टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा चढवलेला सल्ला निघाला. तिखटमीठ आपल्याच स्वयंपाकघरातलं! निबंधात असतं, ‘उंदरांमध्ये या रसायनामुळे गाठींची वाढ मंदावली.’ पत्रकात उंदीर तिसऱ्या परिच्छेदात जातात, मथळ्यात ‘कॅन्सरवर आशेचा किरण’ येतो, आणि आजारी माणसाचा मुलगा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे ते औषध मागतो. उंदीर पहिल्या वाक्यातच हवेत, त्यासाठी जनसंपर्क विभागाशी भांडावं लागलं तर भांड. वार्ताहराशी मात्र भांडू नकोस. मथळा बहुधा तो देत नाही, उपसंपादक देतो. बातमी छापण्याआधी दाखवा असं म्हटलंस तर बहुतेक जण नकार देतील, आणि ते रास्तच आहे. त्यापेक्षा ‘माझ्या तोंडचे आकडे एकदा वाचून दाखवाल का?’ असं विचार. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

समव्यवसायींशी बोलताना प्रश्न तोच, उत्तर वेगळं: ते तुझं काम तपासणार आहेत, तेव्हा तपासायला लागेल ते सगळं दे. 1989 च्या मार्चमध्ये ‘शीत संमीलना’ची, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवल्याच्या दाव्याची, घोषणा झाली ती पत्रकार परिषदेत, निबंध छापून येण्याआधी. त्यामुळे इतर प्रयोगशाळांना तपशिलासाठी बातम्या चाळाव्या लागल्या. 2011 मध्ये ऑपेरा नावाच्या भौतिकशास्त्रातल्या प्रयोगात न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचल्यासारखे दिसले. त्या गटाने निबंध खुला केला आणि आमची चूक शोधा, असं जगाला सांगितलं. पुढे एका प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी सैल निघाली. बोभाटा दोघांचाही झाला, पण ऑपेराच्या पद्धतीत मला काही खोट दिसत नाही.

विद्यार्थ्यांबद्दल थोडंच लिहितो, ते तुला जमतंच. फक्त निष्कर्ष हातात देऊ नकोस. खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1912 मध्ये मांडलं आणि साठच्या दशकापर्यंत बहुतेकांनी मानलं नाही. का मानलं नाही आणि मग कशामुळे मानलं, यावर एक तास गेला तरी चालेल.

पुढच्या महिन्यात तुझा निबंध येतोय म्हणतोस. प्रसिद्धीपत्रकाचा मसुदा आधी मला पाठव, मथळ्यासकट.

तुझा,
एक जुना सहकारी